सुपरमॅनची किंमत १३० डॉलर

रिचर्ड डोनर यांचा 'सुपरमॅन' हा चित्रपट डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्या वेळी तो जगातील सर्वात महागडा चित्रपट म्हणून गाजला. साडेपाच कोटी डॉलर त्यावर खर्च झाले होते. पुढे जे अतिमानवी वीरांच्या चित्रपटांचे पीक आले आणि ज्याने आज जगभरची चित्रपटगृहे व्यापली आहेत, त्याचे बियाणे हेच. २०१७ मध्ये अमेरिकेने हा चित्रपट आपल्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत दाखल केला. चार दशकांहून अधिक काळ लोटल्यावर आम्ही तो पुन्हा पाहिला. लहानपणी दूरचित्रवाणीवर, जाहिरातींच्या मधल्या फटीतून, तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला हा चित्रपट सलग आणि वकिलाच्या डोळ्याने पाहिला तेव्हा त्यात उडणाऱ्या माणसापेक्षा वेगळेच काही दिसू लागले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. 'सुपरमॅन'चे मराठी कोणी 'महामानव' असे करतात. आमच्या वाचकांसाठी त्या शब्दाचा अर्थ केव्हाच ठरून गेलेला आहे आणि तो अंगावर निळे कपडे व पाठीवर लाल झूल घेतलेल्या कोणाला द्यावा असे आम्हाला वाटत नाही. तेव्हा सुपरमॅनला आपण सुपरमॅनच म्हणू.

चित्रपट सुरू होतो तो एका पडद्याने. कृष्णधवल चित्रात 'जून १९३८' ही अक्षरे येतात. एक लहान मूल चित्रकथेचे पान उलगडते आणि जागतिक मंदीने गांजलेल्या शहराविषयी वाचू लागते. मग पडदा दुभंगतो, जॉन विल्यम्स यांचे ते सुप्रसिद्ध संगीत घुमू लागते आणि अवकाशातून नावे झेपावत येतात. पहिले नाव मार्लन ब्रँडो यांचे. दुसरे जीन हॅकमन यांचे. ज्याने सुपरमॅनची भूमिका केली तो ख्रिस्तोफर रीव्ह तेव्हा नवखा, त्यामुळे त्याचा नंबर मागे. या नावांच्या गर्दीत एक ओळ येते की, सुपरमॅन हे पात्र जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी निर्माण केले. ती ओळ येते आणि जाते. शंभरातले नव्व्याण्णव प्रेक्षक ती वाचतही नसतील. परंतु ती ओळ तेथे यावी यासाठी दोन माणसांना जवळजवळ तीस वर्षे भांडावे लागले. आमच्या मते या चित्रपटातील सर्वात मोठी कथा त्या ओळीत आहे. तिच्याकडे आपण येऊच, पण आधी चित्रपटाविषयी.

चित्रपटाचा पहिला प्रसंग न्यायालयाचा आहे, हे आमच्या आठवणीतून पार निसटले होते. क्रिप्टन नावाच्या ग्रहावर तीन बंडखोरांवर खटला चालू आहे. सुपरमॅनचा बाप जोर-एल (ब्रँडो) हा आरोप मांडणारा, म्हणजे आपल्या भाषेत सरकारी वकील. ग्रहाचे वडीलधारे एकेक करून 'दोषी' म्हणतात. निकाल एकमतानेच व्हायला हवा असा नियम, आणि शेवटचे मत कोणाचे? तर त्याच जोर-एलचे! जो फिर्याद मांडतो तोच निकालही देतो. आरोपींच्या बाजूने कोणी उभा राहिलेला दिसत नाही. आणि एवढ्या मोठ्या बंडाच्या खटल्यात पुरावा किती वाचला जातो म्हणाल, तर पडद्यावर काहीच नाही. प्रगत समजल्या जाणाऱ्या त्या ग्रहावर न्यायाची ही अवस्था!

पुढच्याच प्रसंगात हेच वडीलधारे जोर-एलवर उलटतात. ग्रह लवकरच नष्ट होणार आहे असे तो शास्त्रज्ञ म्हणून सांगतो, आकडे मांडतो. त्यांना ते मान्य नाही. भीती पसरवणे हा राजद्रोह समजला जाईल, अशी तंबी त्याला मिळते. त्याने गप्प बसावे, ग्रह सोडून जाऊ नये, असे वचन घेतले जाते. जो मंडळाच्या हातात कायदा देऊन दुसऱ्यांना शिक्षा करवतो, त्याच्याच तोंडाला तोच कायदा कुलूप लावतो. सत्तेला नको असलेले सत्य सांगणे म्हणजे घबराट पसरवणे, ही व्याख्या कोणत्या ग्रहावर वापरात नाही? आजच्या हवामान बदलाच्या काळात तर हा प्रसंग १९७८ पेक्षा अधिक टोचतो.

खलनायक लेक्स लूथर याच्याकडेही नव्याने पाहिले पाहिजे. जीन हॅकमन यांनी तो हसत-खेळत रंगवला आहे, त्यामुळे त्याचा डाव काय आहे याकडे लक्ष जात नाही. त्याला जग जिंकायचे नाही. त्याला जमीन हवी आहे. बापाने त्याला शिकवले आहे की बाकी सगळ्याचे भाव वर-खाली होतील, जमीन मात्र माणसाला कायम लागणार. म्हणून त्याने कॅलिफोर्नियाच्या पूर्वेकडील ओसाड वाळवंट कवडीमोलाने विकत घेऊन ठेवले आहे. लष्कराचे क्षेपणास्त्र पळवून सॅन अँड्रियास या भूगर्भातील भेगेवर टाकायचे, किनारपट्टी लोकांसकट समुद्रात बुडवायची, म्हणजे वाळवंट हाच नवा समुद्रकिनारा होईल आणि भाव आकाशाला भिडतील, असा त्याचा हिशेब. बुडणाऱ्या लाखो माणसांचा त्या हिशेबात कोठेही रकाना नाही. नव्या शहरांची नावे मात्र नकाशावर आधीच लिहून तयार आहेत! विकासाचा आराखडा आधी आणि माणसांचा विचार नंतर, किंवा नाहीच, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना लूथर विनोदी वाटणार नाही.

आणखी एका प्रसंगाचे आम्हाला वकील म्हणून विशेष कौतुक वाटले. शेवटी सुपरमॅन लूथरला आणि त्याच्या साथीदाराला पकडून थेट तुरुंगाच्या आवारात आणून सोडतो. लाखोंचा जीव घ्यायला निघालेला गुन्हेगार त्याच्या मुठीत आहे. पण तुरुंगाधिकाऱ्याला तो सांगतो की यांना रीतसर खटला चालेपर्यंत येथे ठेवा. एवढेच. आजकालच्या चित्रपटांत पोलीस अधिकारीच जागेवर गोळ्या घालून 'न्याय' करतो आणि प्रेक्षक टाळ्या पिटतात. त्या टाळ्या ऐकल्या की १९७८ चे हे साधे वाक्य किती मोलाचे आहे ते कळते. क्रिप्टनवर जे आरोपींना मिळाले नाही, ते पृथ्वीवर त्या बापाचा मुलगा आरोपीला मिळवून देतो. चित्रपटकर्त्यांनी हे ठरवून केले की सहज झाले, देव जाणे. म्हणजे, तेच जाणोत.

तांत्रिक करामतींविषयी फार लिहिण्याची गरज नाही. माणूस उडतो यावर तुमचा विश्वास बसेल अशी त्या चित्रपटाची जाहिरात होती आणि संगणकाच्या जादूपूर्वीच्या त्या काळात ती बऱ्याच अंशी खरी करून दाखवली गेली. रीव्हचे काम मात्र आजही थक्क करते. लोइस लेनच्या घरात तो एका क्षणी चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, आवाज बदलतो, आणि बावळट क्लार्क केंट नाहीसा होऊन समोर दुसराच माणूस उभा राहतो. पुढच्या क्षणी त्याचा धीर सुटतो आणि पुन्हा खांदे पडतात. यात कोणतीही यांत्रिक करामत नाही. आणि मार्गो किडर यांची पत्रकार लोइस! सत्य, न्याय आणि अमेरिकी जीवनपद्धती यांसाठी मी लढतो असे तो सांगतो, तेव्हा ती हसून म्हणते की मग तुला या देशातल्या निवडून आलेल्या प्रत्येकाशी लढावे लागेल. निक्सन यांना राजीनामा देऊन चार वर्षे झाली होती, व्हिएतनाम युद्ध संपून तीन. प्रेक्षक का हसले असतील ते वेगळे सांगायला नको.

आता चित्रपटाची दुखरी बाजू. जोर-एल आपला एकुलता एक पुत्र मानवजातीला देतो, ती माणसे चांगली आहेत, फक्त त्यांना वाट दाखवणारा नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. ही भाषा कोठून आली हे ओळखायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही. वर गंमत अशी की सीगल आणि शूस्टर हे दोघेही ज्यू स्थलांतरितांची मुले. टोपलीतून पाण्यात सोडलेल्या मोझेसची आठवण त्यांच्या मूळ कथेत अनेकांना दिसली आहे. चाळीस वर्षांत मोझेसचा येशू झाला! पण यापेक्षा गंभीर मुद्दा दुसरा आहे. लोइस मरते तेव्हा सुपरमॅन पृथ्वीभोवती फिरून काळच मागे नेतो. बापाने मानवी इतिहासात ढवळाढवळ करू नकोस असे बजावलेले असते, ते तो मोडतो. एका व्यक्तीच्या दुःखासाठी सगळ्या जगाचा काळ फिरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? त्याला जाब कोणी विचारायचा? चित्रपट हा प्रश्न विचारतच नाही. तारणहार आला की प्रश्न विचारणारे घरी बसतात.

१९३८ चा मूळ सुपरमॅन असा नव्हता. तो उडतही नव्हता, लांब उड्या मारत असे. पहिल्याच अंकात तो काय करतो पाहा. फाशी जाणाऱ्या एका निरपराध स्त्रीला वाचवण्यासाठी गव्हर्नरच्या घरात घुसतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चोप देतो. मग पैसे चारून कायदे वळवणाऱ्या दलालाच्या मागे वॉशिंग्टनला जातो. पुढच्या एका अंकात तो असुरक्षित खाणीच्या मालकाला त्याच्याच खाणीत अडकवतो, म्हणजे कामगार काय भोगतात ते त्याला कळावे. आणखी एका अंकात तो मोडकळीला आलेली झोपडवस्ती पाडून टाकतो, कारण त्याशिवाय सरकार तेथे चांगली घरे बांधणार नाही. या मार्गांशी वकील म्हणून आमचे मतभेद आहेत. पण तो कोणाच्या बाजूचा आहे याविषयी शंका राहत नाही. मंदीत होरपळलेल्या क्लीव्हलँड शहरातल्या दोन गरीब पोरांच्या रागातून तो जन्मला होता. सीगलचे वडील कपड्याचे छोटे दुकान चालवत. १९३२ मध्ये त्या दुकानात चोरी झाली, त्या वेळीच त्यांचा मृत्यू झाला. गोळी ज्याला लागत नाही असा माणूस त्या मुलाच्या डोक्यात का आला असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

हे पात्र घेऊन दोघे कित्येक वर्षे दारोदार फिरले. वृत्तपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या संस्थांनी नाकारले. शेवटी न्यूयॉर्कच्या एका प्रकाशन कंपनीने मार्च १९३८ मध्ये तेरा पाने घेतली. दर पानाला दहा डॉलर, एकूण १३० डॉलर. सोबत एका कागदावर सही, की या पात्राचे सर्व हक्क कायमचे कंपनीचे. दोघेही तेव्हा तेवीस वर्षांचे. सोबत वकील नव्हता आणि काम गमावण्याची भीती होती.

येथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो आम्हाला न्यायालयातही वारंवार ऐकावा लागतो: 'सही केली ना? मग आता तक्रार कसली?' करार म्हणजे दोन समान पक्षांनी स्वखुशीने केलेला व्यवहार, असे पुस्तकात लिहिलेले असते. ज्याच्या घरात उद्याचे दाणे नाहीत तो आणि ज्याच्याकडे छापखाना, वितरण व भांडवल आहे तो, यांच्यातील स्वखुशी कोणत्या तराजूत मोजायची? कंपनीला या पात्राची खरी किंमत तेव्हा ठाऊक नव्हती हे खरे. पण वर्षभरात ती कळली, आणि कळल्यावरही करार बदलला नाही. हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे की पुढची काही वर्षे दोघांना पानांच्या दराने बरे पैसे मिळाले. पण ते कामगार म्हणून. मालकी गेली ती गेलीच.

१९४७ मध्ये त्यांनी दावा लावला. १९४८ मध्ये सुमारे ९४,००० डॉलरवर तडजोड झाली आणि त्याबरोबर दोघांचे काम गेले. त्यांची नावेही त्यांच्याच चित्रकथेवरून पुसली गेली. ज्यांनी घडवले त्यांचे नाव नाही, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. देवळे, किल्ले, धरणे यांच्या पाट्यांवर कोणाची नावे असतात आणि कोणाची नसतात ते आपण रोज पाहतो. १९५९ नंतर सीगल त्याच कंपनीत परत गेला आणि निनावी लेखक म्हणून, ठरलेल्या दराने, सुपरमॅनच्याच गोष्टी लिहू लागला! साठीच्या दशकात कॉपीराइटच्या नूतनीकरणावरून पुन्हा न्यायालय झाले. १९७३ मध्ये हरले, १९७४ मध्ये अपिलातही हरले.

आणि नेमक्या त्याच वेळी चित्रपटाची घोषणा झाली. कोट्यवधींच्या आकड्यांच्या बातम्या येऊ लागल्या. सीगल तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता. शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेलेली, तो न्यूयॉर्कमध्ये भावाच्या आश्रयाने राहत होता. ज्याने सुपरमॅनचा चेहरा काढला त्याला तो नीट दिसतही नव्हता. १९७५ मध्ये सीगलने संतापाने एक लांबलचक पत्रक काढले, वृत्तपत्रांना पाठवले आणि त्यात या चित्रपटाला चक्क शाप दिला. कायद्याने हरलेल्याकडे दुसरे काय उरते? मात्र या वेळी तो एकटा राहिला नाही. नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन नामवंत चित्रकार पुढे आले. त्यांनी व्यंगचित्रकारांची संघटना पाठीशी उभी केली, वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांना हाताशी धरले, कंपनीला जनतेपुढे उभे केले. डिसेंबर १९७५ मध्ये वॉर्नर कंपनीने माघार घेतली. दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर निवृत्तिवेतन, औषधपाण्याचा खर्च, आणि सुपरमॅन जेथे जेथे येईल तेथे त्यांचे नाव. कायदेशीर बंधन नाही, नैतिक जबाबदारी म्हणून देतो, अशी कंपनीची भूमिका होती. ती ओळ पडद्यावर आली ती अशी. न्यायालयाने जे दिले नाही ते संघटनेने मिळवले.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. मार्लन ब्रँडो यांनी जेमतेम दोन आठवडे चित्रीकरण केले आणि सुमारे ३७ लाख डॉलर घेतले. उत्पन्नातला वाटा वेगळा. त्या वाट्यावरून त्यांनी पुढे निर्मात्यांना न्यायालयातही खेचले. सुपरमॅनच्या बापाचे सोंग घेणाऱ्याला जेवढे मिळाले तेवढे मिळवायला सुपरमॅनच्या दोन खऱ्या बापांना, दोघांचे मिळून, नव्वदाहून अधिक वर्षे जगावे लागले असते. ब्रँडो यांच्यावर आमचा राग नाही. आपल्या श्रमाची किंमत वसूल करण्याची ताकद त्यांच्यात होती, त्यांनी ती केली. ज्यांच्यात ती ताकद नसते त्यांच्यासाठीच कायदा हवा असतो.

तसा कायदा आला होता, हे या कथेचे पुढचे वळण. अमेरिकेचा १९७६ चा कॉपीराइट कायदा १ जानेवारी १९७८ पासून, म्हणजे चित्रपटाच्याच वर्षी, अमलात आला. त्यात एक विलक्षण कलम आहे. निर्मात्याने पूर्वी हक्क विकले असले तरी छप्पन्न वर्षांनंतर तो किंवा त्याचे वारस ते परत घेऊ शकतात. आणि तसे न करण्याचा कोणताही करार आड येऊ शकत नाही. नव्या कलाकृतीची किंमत विकताना कोणालाच कळत नाही आणि घासाघीस करण्याची ताकद दुबळ्याकडे नसते, हे संसदेने कायद्यात मान्य केले. सही म्हणजे शेवट नव्हे, असे खुद्द कायदा म्हणाला.

शूस्टर १९९२ मध्ये आणि सीगल १९९६ मध्ये वारला. सीगलची पत्नी जोअ‍ॅन (तरुणपणी तिलाच समोर बसवून शूस्टरने लोइस लेनचे रूप रेखाटले होते) आणि मुलगी लॉरा यांनी १९९७ मध्ये हक्क परत घेण्याची नोटीस दिली. मार्च २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला की पहिल्या अंकातील सुपरमॅनच्या कॉपीराइटमधला सीगलचा वाटा कुटुंबाकडे परत आला आहे. सत्तर वर्षे लागली. पण तो विजय टिकला नाही. २००१ मध्ये वाटाघाटी चालू असताना कुटुंबाच्या वकिलाने अटी मान्य असल्याचे एक पत्र पाठवले होते. पुढे कंपनीकडून आलेला सविस्तर मसुदा कुटुंबाने फेटाळला, तरी ते पत्र म्हणजेच पूर्ण झालेला करार, असे जानेवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने ठरवले. शूस्टरच्या भावंडांनीही १९९२ मध्ये वाढीव वार्षिक रक्कम घेऊन सही केली होती. त्यांचा दावाही त्याच वर्षी त्या सहीपाशी संपला. जोअ‍ॅन तोपर्यंत हयात नव्हती. न्यायाधीशांवर आम्ही हेत्वारोप करत नाही. करारकायद्याच्या चौकटीत तो निकाल बसतो. पण १९३८ च्या सहीतून सुटण्यासाठी कायद्याने दिलेले दार २००१ च्या पत्राने बंद झाले, हे कोणत्याही वकिलाने आपल्या टेबलासमोर चिकटवून ठेवावे.

आपल्याकडील कायदा या बाबतीत अगदीच हात बांधून बसलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमान्वये हक्क विकल्यानंतरही कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार व संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा करार करूनही निर्मात्याला लिहून देता येणार नाही, अशी तरतूद केली; राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी किल्ला लढवला होता. आमच्याकडे येणारे गायक, कवी, चित्रकार यांपैकी बहुतेकांना यातले काहीच माहीत नसते. ते सही करून आल्यावर विचारायला येतात.

२०१२ मध्ये सीगल-शूस्टर यांना दिलेला तो जुना धनादेश लिलावात निघाला. त्यात इतर कामाचे पैसे धरून एकूण ४१२ डॉलर होते आणि त्यातले १३० सुपरमॅनचे. तो कागद १,६०,००० डॉलरला गेला. २०२४ मध्ये पहिल्या अंकाची एक प्रत ६० लाख डॉलरला विकली गेली. २०२५ मध्ये सुपरमॅनचा आणखी एक नवा चित्रपट आला. त्यातही ती नावे आहेत, आणि सीगल कुटुंबाशी झालेल्या विशेष व्यवस्थेचा उल्लेखही आहे. ती व्यवस्था कशी झाली ते वर सांगितलेच.

पहिल्या अंकाच्या कॉपीराइटची पंचाण्णव वर्षे २०३३ अखेर संपतात. व्यापारचिन्हाचे हक्क कंपनीकडे राहतील, पण १ जानेवारी २०३४ पासून ती तेरा पाने अमेरिकेत कोणालाही छापता येतील: गव्हर्नरच्या घरात घुसणारा, दलालाला गाठणारा, न उडणारा सुपरमॅन. त्यासाठी एक डॉलरही द्यावा लागणार नाही. त्या दिवशी शूस्टरला जाऊन एकेचाळीस वर्षे होऊन गेलेली असतील आणि सीगलला अडतीस पूर्ण होत आलेली असतील.